लेआबाईंचा प्रश्न

नगरहून सकाळी सहाची एस.टी. धरली, तेव्हा दुपारी जेवायला नाशकात असेन अशी माझी कल्पना होती. सिन्नरच्या अलीकडे टायर बसलं. आम्ही सगळे उतरून बाभळीच्या सावलीत उभे राहिलो. शेजारच्या बाईने मला पेरू दिला.

"खा. गाडी काय आता तासभर हालत नाय. कुठं जायचं तुमाला?"

"नाशिकला. आमच्या मंडळीत महिलांची सभा आहे. दोन दिवस शास्त्र शिकवायचं आहे."

"मंग कीर्तनच की ते," ती म्हणाली, आणि मी हो म्हटलं.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी नगरला शाळेत शिकवत होते आणि सुट्टीत गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांत जात असे. नाशकात पोहोचले तेव्हा सभेची वेळ होऊन गेली होती. तोंडावर पाणी मारून तशीच उभी राहिले. समोर पन्नासेक बायका सतरंजीवर बसल्या होत्या. विषय होता यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याला देवाने दिलेली वचने: तुझ्या वंशाला देश देईन, त्यांचा देव होईन. मी नेहमीचं सांगितलं. यहुद्यांनी ख्रिस्ताला नाकारलं, म्हणून देवाने त्यांना टाकलं. ती वचने आता आपली, म्हणजे मंडळीची. बायका माना डोलावत होत्या. भिंतीला टेकून बसलेली, पांढऱ्या पातळातली एक वयस्कर बाई तेवढी माझ्याकडे एकटक पाहत होती.

मुक्काम मार्थाबाईंकडे होता. गंगेच्या (गोदावरीला नाशिककर गंगाच म्हणतात) अलीकडे त्यांचं दोन खोल्यांचं घर. ताटात बाजरीची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढून त्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "मागं बसलेली ती लेआबाई. माझी शेजारीण. नर्स होती सरकारी दवाखान्यात. ती बेने इस्रायल (पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेले मराठी यहुदी) आहे. विषय कळल्यावर मीच तिला आग्रहाने आणलं. म्हटलं, तुझ्याच लोकांची गोष्ट आहे, तुला बरं वाटेल."

वीस वर्षं मी यहुद्यांविषयी शिकवत होते. यहुदी माणूस मात्र कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेआबाईंच्या घरी गेले. माफी मागायची की नुसतंच भेटायचं, हे ठरलं नव्हतं. दाराच्या चौकटीवर आत शास्त्रवचन ठेवलेली एक लहान तिरपी डबी ठोकलेली होती. त्यांनी तिला बोटं लावून ओठांशी नेली आणि मला आत घेतलं. घर अर्धं रिकामं होतं. दोन ट्रंका दोरीने बांधून ठेवल्या होत्या.

"मलिदा घ्या," त्या म्हणाल्या. मलिदा म्हणजे गूळ आणि ओलं खोबरं घातलेले पोहे, वर केळ्याचे काप. "एलिया संदेष्ट्याच्या नावाने करतो आम्ही. प्रवासाला निघायचं म्हणून काल केला होता."

"कुठं निघालात?"

"इस्रायलला. दोन्ही मुलं तिथंच आहेत. पुढच्या आठवड्यात विमान."

मग त्यांनी कपाटातून एक जीर्ण मराठी ग्रंथ काढला. आमच्याच शास्त्राचा पहिला भाग, म्हणजे जुना करार, मलाखी या शेवटच्या पुस्तकापर्यंत. "तुमच्याकडे पुढचाही भाग आहे. त्यात आम्हाला टाकलं असं कुठं लिहिलंय, तेवढं दाखवा. रागाने विचारत नाही, बाई. मी साठीला आले. नवऱ्याची कबर इथं ठेवून, भाषा येत नाही अशा मुलखात चाललेय. मुलं आहेत, पण मुलांच्या भरवशावर एवढं धाडस होत नाही. अब्राहामाला दिलेल्या शब्दाचा मला आधार आहे. काल तुम्ही म्हणालात, तो शब्द आता आमचा नाही."

मी पिशवीतून माझं शास्त्र काढलं. जागा मला पाठ होती असं वाटत होतं. ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात शोधू लागले. अकराव्या अध्यायाशी थांबले. पौल तिथं हाच प्रश्न विचारतो, देवाने आपल्या लोकांना टाकलं काय, आणि लगेच ठासून नाही म्हणतो. पुढे जैतुनाच्या झाडाचा दाखला आहे: आपण त्यावर कलम केलेल्या रानटी फांद्या, आणि मूळ त्यांचं. देव दिलेलं परत घेत नाही, असंही तिथं आहे. हा अध्याय मी कितीदा वाचला होता!

"नाही सापडत," मी म्हटलं. "उलटंच लिहिलंय."

"वाचा," त्या म्हणाल्या. मी सबंध अध्याय वाचला. त्यांनी पदराने चष्मा पुसला. "तुमचा ख्रिस्त मला मान्य करता यायचा नाही," त्या म्हणाल्या. "पण वाचलंत, बरं केलंत."

दुपारच्या सभेला त्या आल्या नाहीत. सामान बांधायचं होतं. मी उभी राहिले आणि सांगितलं, "काल मी तुम्हाला चुकीचं शिकवलं." मग तोच अध्याय वाचून समजावला. एकीने विचारलं, "मग ख्रिस्तावाचून त्यांचं कसं व्हायचं?"

"ते मला सांगता येत नाही," मी म्हटलं. "माझं तारण ख्रिस्तात आहे. पण त्यांना दिलेला शब्द देवाने मोडला नाही. तो त्यांचा शब्द मोडेल, तर आपला कशावरून पाळेल?"

सभा संपल्यावर मंडळीचे पाळकसाहेब म्हणाले, "बाई, तुम्ही बायकांना गोंधळात टाकलंत." पुढे त्या मंडळीतून मला बोलावणं आलं नाही.

तिसऱ्या दिवशी परतीची गाडी वेळेवर निघाली. द्राक्षांचे मांडव, मग उघडे माळ मागे पडत गेले. नाशकातलं मला तेवढं कठीण वाटत नव्हतं. कठीण ते पुढे, घरी होतं. मला ती शिकवण देणारे माझे वडील. जन्मभर त्यांनी खेड्यापाड्यांत तोच उपदेश केला होता. आता त्यांची नजर गेली होती, म्हणून मी त्यांना शास्त्र वाचून दाखवत असे.

संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून मी सगळं सांगितलं. त्यांचं मन मी मोडलं असं मला वाटलं.

"ती बाई एकटीच चाललीय?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी माझा हात चाचपडत धरला. "आज प्रार्थनेत तिचं नाव घेऊ. आणि तो अध्याय वाच. सावकाश वाच."