मुलाचा कप्पा
आमच्या शिंपीकाकांना एक गोष्ट दहादा सांगा, अकराव्यांदा ते आपलंच खरं करणार. मी कम्प्युटर दुरुस्त करते. त्यांनी मुलाचा जुना कम्प्युटर दुकानासाठी काढला, तेव्हा सरळ म्हटलं, "काका, सगळं पुसून नवी सिस्टिम टाकू. तुमचा तो कटिंगचा प्रोग्राम मस्त चालेल."

"मुलाचं काही हलवायचं नाही," काका म्हणाले. "आला की त्याला सगळं जागच्या जागी लागतं."

मुलगा जाऊन सहा वर्षं झाली. ना फोन, ना पत्र. भांडणात काकांनी "चालता हो" म्हटलं आणि पंधरा दिवसांत तो खरंच गेला, पार परदेशी. काकू त्याआधीच वारलेल्या. तेव्हापासून हा माणूस शिलाई मशीनच्या फळीवर ताट ठेवून एकटा जेवतो, गिऱ्हाइकाशी मापापुरतं बोलतो. मला मात्र दर भेटीत तेच ऐकवतो, "चूक माझीच गं. जीभ आवरली नाही." ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

बरं, म्हटलं, एकाच डिस्कवर दोन सिस्टिम बसवू. डिस्कवरचा मुलाचा कप्पा थोडा लहान करायचा, सुटलेली जागा काकांना. पण तो कप्पा लहान व्हायलाच तयार नाही! तीनदा केलं, तीनदा नकार. मग माझी ट्यूब पेटली. पोरानं जाताना कम्प्युटर बंद केलाच नव्हता, नुसता झोपवला होता. उघडी कामं तशीच डिस्कवर अडकून पडलेली. ती सिस्टिम एकदा जागी करून नीट बंद केल्याशिवाय कप्प्याला हात लावता येणार नव्हता.

"कर जागी," काका म्हणाले आणि खुर्ची ओढून शेजारी बसले.

पडद्यावर मुलानं उघडं ठेवलेलं पान आलं. विमानाचं तिकीट, फक्त जाण्याचं. मी ते बंद करायला गेले, तर काकांनी माझा हात धरला. चष्मा वर सरकवून तिकीट काढल्याची तारीख वाचली.

"हे तर भांडणाच्या दोन महिने आधी काढलंय."

"बघा! म्हणजे तुम्ही बोललात म्हणून गेलाच नाही तो," मी मोठ्या उत्साहानं म्हटलं. "त्याचं आधीच ठरलं होतं. सुटलात की हो काका!" मूर्ख मी. मला वाटलं, यांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

काका पडद्याकडेच बघत होते. म्हणाले, "माझी चूक होती तोवर बरं होतं गं. माफी मागितली की येईल, असं वाटायचं."