जुन्या पासपोर्टचा नंबर

मुरुमच्या बाजारात वीरभद्रचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. उन्हाळ्यात बोअरच्या मोटारी जळायला लागल्या की आजूबाजूच्या गावांतले शेतकरी त्या मोटारसायकलला बांधून त्याच्याकडं आणायचे. काम चालू असलं की वीरभद्र फारसं बोलायचा नाही, आणि काम नसलं तरी नाही. त्याची बायको शिवगंगा आळंदकडची. सोलापूरच्या एका दवाखान्यात नर्स होती. तिला आयर्लंडमध्ये नोकरी लागली, तेव्हा गावात चर्चा झाली ती वीरभद्रचीच. ‘बायको विलायतेला अन् नवरा वाइंडिंगला,’ असं लोक चहा पिताना म्हणायचे. तो ऐकून घ्यायचा.

दिवाळीच्या सुट्टीला शिवगंगा येऊन गेली आणि संक्रांतीच्या सुमारास तिचा फोन आला. दिवस गेले होते. श्रावणात बाळंतपण. “आता तुम्ही या,” ती म्हणाली. “इथं माझं कुणी न्हाय.” नवऱ्याला बायकोकडं जाण्यासाठी जो व्हिसा लागतो, त्याचे कागद गोळा करायला वीरभद्रनं दुसऱ्याच दिवशी सुरुवात केली.

लग्नाचा दाखला, फोटो, बँकेचे कागद सगळं जमलं. सोलापुरात शिवपुत्र नावाचा एक एजंट होता. त्यानं वीरभद्रचा पासपोर्ट हातात घेतला आणि शेवटचं पान उघडलं. तिथं आधीच्या पासपोर्टचा नंबर छापलेला होता.

“हा जुना कुठंय? व्हिसावाल्यांना आधीचे सगळे पासपोर्ट लागतात.”

“सौदीत राहिला,” वीरभद्र म्हणाला.

“म्हंजे?”

लग्नाआधी वीरभद्र वायरमन म्हणून सौदीला गेला होता. कंपनीनं गेल्या गेल्या सगळ्यांचे पासपोर्ट कपाटात ठेवून घेतले. पुढं पगार थांबले. कित्येक महिने वाट बघून वीरभद्र आणि जळकोटचा बब्रुवान कामगारांच्या कँपमधून निघाले आणि शहरात मिळेल ते काम करू लागले. कंपनीनं ते पळाले म्हणून तक्रार दिली. एका तपासणीत दोघं सापडले. परदेशी लोकांना परत पाठवण्याआधी जिथं कोंडून ठेवतात, त्या जागी त्यांना नेलं. एका दालनात शेकडो माणसं, झोपायला पाळी लावावी लागायची. शेवटी भारतीय दूतावासाची माणसं आली. त्यांनी घरी जाण्यापुरता एक कागद दिला. कामगार त्याला आउटपास म्हणतात. मुंबईला उतरल्यावर विमानतळावर तोही काढून घेतला. घरी येऊन वीरभद्रनं सांगितलं, कॉन्ट्रॅक्ट संपलं. लग्न ठरताना शिवगंगेलाही तेच सांगितलं.

यातलं थोडंसंच त्यानं शिवपुत्रला सांगितलं. शिवपुत्रनं हात झटकले.

“ह्ये लिहिलं तर व्हिसा मिळतोय व्हय? सौदीचं नावच काढू नका. जुना पासपोर्ट तुळजापूरच्या स्टँडवर हरवला म्हणून शपथपत्र करू. एवढं कोण बघतंय!”

वीरभद्रला ते पटलं नाही. पण खरं लिहायचं तर ते शिवगंगाही वाचणार होती. त्यानं सही केली.

ज्येष्ठात नकार आला. वर्षापूर्वी स्वतःच्या कागदांत शिवगंगेनं नवऱ्याची माहिती देताना सरळ लिहिलं होतं, की तो आधी सौदीत नोकरीला होता. नवऱ्याच्या अर्जात सौदीचा उल्लेखच नव्हता. दोघांपैकी एक खोटं बोलतंय, एवढं व्हिसाच्या अधिकाऱ्यांना पुरेसं होतं.

तिचा फोन आला तेव्हा वीरभद्र घरी जेवायला बसला होता. अव्वा, म्हणजे त्याची आई, भाकरी थापत होती.

“अहो, सौदीचं का लपवलंत? मला अधिकाऱ्यांनी विचारलं तर मी काय सांगू? माझी नोकरी जाईल इथली.”

तो ताटावरून उठला नाही. उष्ट्या हातानंच, मान खाली घालून त्यानं सगळं सांगितलं. कँप, पोलीस, ते दालन, आउटपास.

“शिवगंगा?”

“ऐकतेय.” मग ती म्हणाली, “तुरुंगात होतात म्हणून मी तुम्हाला टाकलं असतं, असं वाटलं तुम्हाला?” आणि फोन ठेवला.

तव्यावरची भाकरी करपली होती. अव्वानं ती उचलून बाजूला ठेवली.

“तू आलास तवा पायात चप्पल बी न्हवती तुझ्या,” ती म्हणाली. “हातात नुसती पिशवी. कॉन्ट्रॅक्ट संपल्यालं माणूस असं येतंय व्हय? म्या तवाच वळखलं हुतं.”

“मग इचारलं न्हाईस कधी?”

“सांगशील म्हणून बसले.”

पुढचे काही दिवस शिवगंगेचे नुसते मेसेज येत होते. तपासणी झाली, बाळ बरं आहे, बस. मग एकदा तिनंच लांबलचक लिहून पाठवलं: पुन्हा अर्ज करायचा, सगळं खरं लिहायचं, आधी खोटं का लिहिलं तेही लिहायचं. पण आउटपास दिल्याचा काहीतरी पुरावा लागेल.

वीरभद्रनं दूतावासाला ईमेल केला. उत्तर आलं, एवढ्या माहितीवर नोंद सापडत नाही, नेमकी तारीख कळवा. तारीख त्याला आठवेना. त्या दालनात दिवस कोण मोजत होतं? आणि घरी आल्यावर तर ते विसरायचाच प्रयत्न केला होता.

तो जळकोटला गेला. बब्रुवानचं घर हायवेपासून आत होतं. इतक्या वर्षांनी बघून बब्रुवानला आनंद झाला, पण वीरभद्र कशासाठी आलाय ते कळल्यावर त्यानं आतल्या दाराकडं बघितलं. त्याची बायको चहा घेऊन येत होती.

“चल, रान दाखवतो,” तो मोठ्यानं म्हणाला.

बांधावर आल्यावर वीरभद्रनं विचारलं, “तू सोबत हुतास असं शपथपत्र देशील का? माझं बाळ येतंय रं तिकडं.”

“न्हाय बाबा.” बब्रुवाननं मान हलवली. “पोरीची सोयरीक चालू हाय. गावाला म्या सुट्टीवर आलो अन् परत गेलो न्हाय, एवढंच ठाऊक. तुझं खरं हाय, पण माझं नाव नको कागदावर.”

वीरभद्रला राग आला. पण त्यानं स्वतःही तेच लपवलं होतं. तो परत वळला तेव्हा बब्रुवान मागून आला.

“तारीख पायजे ना? तारीख सांगतो. आपण मुंबईला उतरलो त्याच्या आदल्या दिवशी माझा बाप गेला. तोंड बघाया मिळालं न्हाय. दरसाल जेवण घालतो मी. ती तारीख मी इसरंल व्हय?”

त्यानं तारीख सांगितली. वीरभद्रनं ती तिथंच मोबाइलमध्ये लिहून घेतली. एसटी येईपर्यंत दोघं हायवेच्या कडेला उभे राहिले.

त्या तारखेवरून दूतावासाला नोंद सापडली. वीरभद्रला घरी परतण्यासाठी तात्पुरता दाखला दिला होता, असं चार ओळींचं पत्र आलं. पण ते यायला आषाढ संपत आला होता. वीरभद्रनं आपली हकीकत मराठीत लिहून काढली. उमरग्याच्या एका वकिलानं तिचं भाषांतर करून दिलं. दुसरा अर्ज गेला, आणि पुन्हा वाट बघणं सुरू झालं.

मुलगी झाली तेव्हा वीरभद्र एका पाणबुडी मोटारीत तार भरत होता. शिवगंगेच्या सोबतच्या नर्सनं व्हिडिओ कॉल केला. पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं तोंड दिसलं, पण चित्र अडकत होतं. शिवगंगा दमली होती. “बघा,” एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मोटारीसाठी थांबलेला शेतकरी आपणहून बाहेर जाऊन उभा राहिला.

दसरा झाल्यावर व्हिसा आला. हैदराबादच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं पासपोर्टचं शेवटचं पान उलटलं, तेव्हा वीरभद्रनं दूतावासाचं पत्र खिशातून काढून हातात धरलं. अधिकाऱ्यानं शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

आता तो तिकडंच असतो. शिवगंगा ड्युटीवर गेली की मुलीला सांभाळतो. सुरुवातीला मुलगी त्याच्याकडं राहायची नाही, नवखा माणूस म्हणून रडायची. शिवगंगाही मोजकंच बोलायची. त्यानं मनात काय ठेवलंय याचा अंदाज घेतल्यासारखी ती त्याच्याकडं बघायची, आणि ते त्याला कळायचं.

एका दुपारी तो मुलीला मांडीवर घेऊन बसला होता. शिवगंगा कपडे घडी करत होती. मान वर न करता तिनं विचारलं, “तिथं तुरुंगात जेवायला काय द्यायचे?”

“भात,” तो म्हणाला. “कधी डाळ.”

“अन् आजारी पडलं कुणी तर?”

वीरभद्रनं मुलीला नीट धरलं आणि सांगायला लागला.