कॅमेऱ्यावरची टिकली

सकाळी लॅपटॉप उघडला, तर कॅमेऱ्यावर लाल टिकली. तोंड धुताना बायका आरशावर चिकटवून ठेवतात, तशी.

"काल लॅपटॉपसमोर केस विंचरत होते, तेव्हा कॅमेऱ्याचा दिवा आपोआप लागला," बायको हळूच म्हणाली.

मुलगी कधीची सांगतेय, "बाबा, कुणीही आत शिरेल, ऑपरेटिंग सिस्टिमच बदला." बदलेनही. पण आईचे रिपोर्ट, लग्नाचे फोटो, आमची भांडणंसुद्धा ज्याने पाहून ठेवली असतील, त्याच्याकडून ती परत कशी आणायची?

टिकलीची कड सुटत होती. मी ती अंगठ्याने दाबून बसवली.

"आता नाही ना दिसत त्याला?" बायकोने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

आपल्याच स्वयंपाकघरात, भरदिवसा, आम्ही दोघं कुजबुजत होतो.