बर्फाखालचे मासे, बहरैनची खरेदी

बहरैनच्या विमानतळाबाहेर आले तेव्हा वाटलं, दादा आधी प्रवासाचं विचारेल, मग गावाकडचं. इतक्या वर्षांनी भेटत होतो आम्ही. त्याने माझी बॅग गाडीत टाकली आणि म्हणाला, "गे, पाण्याखालचो कॅमेरो घेवचो आसा. तू वांगडा (सोबत) ये."

याला ऊन लागलंय की काय, असं वाटलं मला. पण डिसेंबर होता आणि हवा आमच्या देवगडच्या पहाटेसारखी गोड होती. गाडी समुद्राच्या कडेने निघाली तेव्हा उलगडा झाला. दादाचा मुलगा कॅनडात असतो आणि त्याची इरा आता आठ वर्षांची आहे. तिकडे थंडीत तळी गोठतात आणि लोक बर्फाला भोक पाडून त्यातून गळ सोडतात. इराला त्याचं भारी वेड. जानेवारीत दादा-वहिनी पहिल्यांदाच तिच्याकडे जाणार होते.

"फोनार काय बोलता ती? 'जेवलंस?' 'येस.' 'शाळा?' 'गुड.' खलास!" दादा म्हणाला. "थंय महिनोभर काय बोलतलंय मी तिच्यावांगडा?"

म्हणून हा कॅमेरा. बर्फाच्या भोकातून खाली सोडायचा, वर पडद्यावर मासे दिसतात. निदान त्या निमित्ताने नात शेजारी बसेल, एवढीच त्याची आशा. इथे तुबलीत वर्कशॉप थाटून आयुष्यभर लोकांचे एसी दुरुस्त करणारा माझा भाऊ कुणाला घाबरलेला मी पाहिला नव्हता. आठ वर्षांच्या मुलीला मात्र तो चक्क घाबरला होता. मला वाईट वाटलं आणि, खोटं कशाला सांगू, हसूही आलं.

दुसऱ्या दिवशी नईम भागातल्या एका गल्लीत मासेमारीच्या सामानाचं दुकान गाठलं. दाराशी गरगूर (मासे पकडायचे तारेचे घुमटाकार पिंजरे) एकावर एक रचले होते. इथले लोक समुद्रात टाकलेल्या पिंजऱ्यात काय अडकलंय ते बघायला हे कॅमेरे वापरतात. मालक पायघोळ पांढऱ्या झग्यातले हसरे गृहस्थ होते.

"बर्फ के लिए?" ते खो खो हसले. "बहरैन में बर्फ मफी (नाही)! सिर्फ जूस में!"

त्यांनी दोन कॅमेरे पुढे ठेवले. एकाचा पडदा तळहाताएवढा, पण चित्र अगदी लख्ख. दुसऱ्याची जड पेटी, पडदा मोठा, चित्र जरासं धुरकट. दादाचा जीव लहान्यावर जडला. मालक म्हणाले, "दोनों ले जाओ, दरिया में देखो. इंशाल्ला, एक पसंद आएगा." ना ओळख ना पाळख, तरी माणसाने दोन्ही हातात दिले.

"थंय बर्फात केबल काठयेसारखी ताठता म्हणतत," असं म्हणून दादाने रात्री लहान कॅमेऱ्याची केबल आणि भिंग पिशवीत गुंडाळून फ्रीझरमध्ये बांगड्यांशेजारी ठेवलं. सकाळी वहिनीने नेहमीच्या सवयीने पिशवी काढली आणि बर्फ सुटायला पाण्याच्या टोपात रिकामी केली.

"ह्यो खयचो मासो हाडलात तुमी? शेपटी सरताच नाय!"

दादा धावत आला. "अगो, पाण्यातच घालूचो तो! चलता मां अजून?" पडदा जोडून पाहिला, चालत होता. पडद्यावर टोपाचा तळ आणि वहिनीची बोटं स्वच्छ दिसली. एकाच सकाळी थंडीची आणि पाण्याची, दोन्ही परीक्षा उरकल्या आणि आम्ही पोट धरून हसलो.

संध्याकाळी वहिनीलाही घेऊन झल्लाकच्या किनाऱ्यावर गेलो. समुद्र काचेसारखा शांत होता. करक (दाट, वेलचीचा चहा) घेऊन धक्क्यावर बसलो आणि दादाने इराला व्हिडिओ कॉल लावला. तिच्याकडे सकाळ होती. लहान कॅमेरा पाण्यात सोडून त्याच्या पडद्यावर दादा एकटाच डोळे लावून बसला. फोन तिथे नेला की त्याचा अंगठाच दिसायचा. "आजोबा, आय कान्ट सी!" इरा कंटाळली. दादाचा चेहरा उतरला.

मी जड पेटी उघडून कॅमेरा खाली सोडला. आम्ही तिघं दाटीवाटीने बसलो आणि चौथा फोन. साफी माशांचा थवा आला. त्यातला एक थेट भिंगाला तोंड लावून बघू लागला.

"आजोबा, वेट! डोन्ट पुल!"

"ओढणंय नाय गे, बघतंय फक्त."

"व्हॉट डू दे ईट?"

दादा मालवणीत सांगू लागला, ती इंग्रजीत विचारत राहिली. दोघांचं कुठेही अडलं नाही. आमचा करक निवून गेला. शाळेची वेळ झाली तेव्हा इरा ओरडली, "डोन्ट गो होम! आय विल कॉल फ्रॉम द कार!" दादा पेटी पोटाशी धरून धक्क्यावर उभाच राहिला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, नात का फोन आएगा.

लहान कॅमेरा परत केला तेव्हा मालकांना नवल वाटलं. "छोटावाला ज्यादा साफ दिखता है, भाई."

"हां," दादा म्हणाला, "लेकिन उसमें एकच मुंडी घुसता है."

देवगडला परतल्यावर सगळे विचारतात, काय पाहिलंस? किल्ला पाहिला, वाळवंटातलं एकटं झाडही पाहिलं. पण सांगायला बसले की मी झल्लाकच्या धक्क्यावरच रमते. परवा दादाचा कॅनडाहून फोन आला. मासे किती मिळाले, मी विचारलं.

"एकय नाय. मी सांगतंय, गप ऱ्हा, मासे पळतत. पण ह्या चेडू (पोरगी) बोलूचा थांबूक व्हया मां!"

इतक्या आनंदाने तक्रार करणारा माणूस मी आजवर पाहिला नाही.