बुधाजी परबाला काही कमी नाही

आमच्या मजल्यावर कुणाची साखर संपली, शिडी हवी झाली, पाहुण्यांना खुर्च्या कमी पडल्या, तर माणसं बुधाजी परबाच्या दाराशी जातात. त्याच्याकडे ती वस्तू असतेच असं नाही. पण "नाय" हा शब्द त्याच्या तोंडून निघत नाही, हे करी रोडच्या आमच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक आहे. "बघतंय," म्हणून तो चपला अडकवतो, खालच्या मजल्यावरून साखर उसनी आणतो आणि "घे, घरातच होती" म्हणून हातात ठेवतो. एकदा अशी फिरत फिरत गंगुबाईला तिचीच साखर तिच्याच वाटीतून परत मिळाली. तिने वाटी ओळखली, पण बोलली नाही. बुधाजीला तोंडावर खोटं पाडणं म्हणजे देवळात चप्पल घालून जाण्यासारखं.

ही सवय त्याला संपाच्या वर्षांत लागली. वडील सोनू परब गिरणीत होते. गिरणी बंद, चूल बंद, आणि पोरांना घरातून एकच शिकवण: कुणी "जेवलास?" म्हटलं, तर "जेवलंय" म्हणायचं. तेव्हा दहा वर्षांचा असलेला बुधाजी ते शिकला आणि विसरायचं राहून गेलं.

पुढे तो लालबागला हितेंद्र शेठच्या मंडप डेकोरेशनमध्ये लागला, तो आजतागायत तिथेच आहे. लग्नांचे कनाती-पडदे बांधणं, झुंबरं टांगणं आणि नवरा-नवरीचे ते मोठे महाराजा सोफे टेम्पोत चढवणं-उतरवणं. अर्ध्या मुंबईची लग्नं त्याच्या खांद्यावरून गेली. त्याची स्वतःची बायको राधा मात्र लेक प्राची सातवीत असताना तापाने गेली. चाळीच्या खोलीत सहा माणसं म्हणजे संसार, चार म्हणजे चैन. दोन माणसं म्हणजे नुसती शांतता. त्यात आजूबाजूची बिऱ्हाडं एकेक करत बदलापूरकडे सरकलेली, अर्ध्या दारांना कुलपं. संध्याकाळी परबांच्या खोलीतून दोन ताटांचा आवाज यायचा. बापलेक एकत्र जेवायचे आणि फारसं बोलायचे नाहीत, पण एकमेकांशिवाय घासही घ्यायचे नाहीत.

ही प्राची बारावीला आली आणि तिने गॅलरीच्या टोकाला मोबाइल घेऊन बसायला सुरुवात केली. मजल्याने आधी रीतसर संशय घेतला. "मुलगा खंयचो?" असं गंगुबाईने मला विचारलंही. मुलगा नव्हता, अमेरिका होती. जी कॉलेजं परदेशी मुलांना फी माफ करून ठेवून घेतात, अशी कॉलेजं ती शोधत होती.

तिच्या सगळ्या मैत्रिणी इंजिनीअरिंगच्या क्लासला. त्यांचा एक ग्रुप, एक रिक्षा, एकच रडगाणं. हिचं रडगाणं ऐकायला कुणी नव्हतं. दादरला परदेशी शिक्षणाचा सल्ला देणारं एक गारेगार ऑफिस आहे, तिथे ती एकटीच जाऊन आली. आतल्या गृहस्थांनी पाणी दिलं, चॉकलेट दिलं आणि विचारलं, "बजेट काय, बेटा?" हिने खरं ते सांगितलं. त्यांनी चॉकलेट परत मागितलं नाही एवढंच. "मग जर्मनी बघ," म्हणाले, आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

मग तिने स्वतःच एक एक संस्थळ वाचायला घेतलं. त्यातलं जे कळे ते सांगायला घरात बापच, म्हणून त्याला सांगायची.

"बाबा, तिथे फीचा जो आकडा लिहितात, तो सगळ्यांनी द्यायचा नसतो. घरची परिस्थिती बघून कमी करतात."

"म्हणजे आपल्या शेठसारख्या. कार्डावर एक भाव, समोर गिऱ्हाईक बघून दुसरो."

"पण परदेशी मुलांना ही सवलत मोजकीच कॉलेजं देतात. काही तर, पैसे मागितले म्हणून आधीच नाव मागे टाकतात. ती मी काढून टाकली."

"बरा केलास."

"आणि समुद्राकाठची नामांकित आहेत तिथे फार गर्दी. मी आत, मधल्या राज्यांतली छोटी बघतेय. आयोवा म्हणून आहे. मक्याची शेतं आहेत सगळीकडे."

बुधाजीने विचार केला. "म्हणजे विरारच्याय पुढे."

तिला हसू आलं. मग ती पुन्हा गॅलरीत जाऊन बसली. निबंध लिहिले, मास्तरांकडून शिफारशी आणल्या, स्वस्तातली इंग्रजीची परीक्षा उसन्या लॅपटॉपवर दिली. घरच्या उत्पन्नाचा अर्ज भरला, तो अगदी खरा भरला. बुधाजीने न वाचता सही केली. बहुतेक ठिकाणांहून गोड शब्दांत नकार आले. ते तिने कुणाला दाखवले नाहीत. मला कळायचं, कारण त्या दिवशी ती गॅलरीतले सगळ्यांचे वाळलेले कपडे काढून घड्या घालून ठेवायची.

शेवटी आयोवातलं एकच कॉलेज उरलं. त्यांनी कळवलं की पूर्ण मदतीसाठी निवडक मुलांत तुझं नाव आहे. आमच्या मिसेस ओल्सन तुझ्याशी आणि वडिलांशी व्हिडिओवर बोलतील. आमच्याकडे संध्याकाळचे साडेआठ, त्यांच्याकडे सकाळ.

बुधाजीच्या डोक्यात हे सरळ बसलं: लांबून माणसं मुलीला बघायला येणार आहेत.

त्या दिवशी प्राची वाचनालयातून आठच्या पुढे परतली, तर घर ओळखू येईना. भिंतीला मरून मखमलीचा पडदा, त्याला सोनेरी गोंडे. त्याच्यापुढे महाराजा सोफा, सिंहाच्या तोंडाचे हात असलेला. दारातून जाईना म्हणून शेजारच्या सुशांतने पाय उतरवून आत घेतला होता आणि आता सोफ्याने अर्धी खोली खाल्ली होती. सुशांतने विजेवर चालणारं कारंजंही आणलं होतं, पण वायर पुरली नाही, ही देवाची कृपा.

"बाबा, हे काय केलंत? ती बाई आपल्याला मदत द्यायची की नाही ते बघणार आहे."

"म्हणानच. मागूक जाताना माणूस कपडे धुवून जाता."

"आपण गरीब आहोत हे दिसायला हवंय."

"गरीब दिसणाऱ्या घरातला चेडू सून म्हणान कोण करता गो?"

वाद घालायला वेळ नव्हता. मला "अडलाच तर इंग्रजी बोलूक" म्हणून कोपऱ्यात, मोबाइलमध्ये दिसणार नाही असं बसवलं होतं. तांदळाच्या डब्याला टेकवलेल्या मोबाइलमध्ये ओल्सनबाई उगवल्या. पिकलेले केस, हातात कॉफी, मागे खिडकीत बर्फ. बाई गोड होत्या. "किती सुंदर खोली," म्हणाल्या. प्राचीशी बोलल्या, आणि ती छानच बोलली. मग त्यांनी वडिलांना विचारायला सांगितलं की अर्जात कुटुंबाकडून फारच थोडं देता येईल असं लिहिलंय, त्याबद्दल त्यांच्या तोंडून ऐकायचं आहे.

प्राचीने मराठीत विचारलं. बुधाजी सिंहाच्या तोंडावर हात ठेवून ताठ बसला.

"सांग तिका, आमका काय कमी नाय. चेडवाच्या शिक्षणाक काय लागात ता मी घालतलंय. गावाक आंब्याची कलमा आसत."

कलमं दोन आहेत आणि त्यांत अकरा चुलत भावांचा वाटा आहे. प्राचीने बापाकडे पाहिलं. मी कोपऱ्यात लपवलेला; मोबाइलसमोर दोन्ही बाजूंचं कळणारी आणि बोलू शकणारी ती एकटीच होती. तिला खोटं सांगता येईना आणि खरंही सांगता येईना. मग तिने बाप बोलला ते जसंच्या तसं इंग्रजीत केलं. "आय सी," असं म्हणून ओल्सनबाईंनी काहीतरी लिहिलं. त्यांची नजर सोफ्यावर गेली.

तेव्हा प्राचीने मोबाइल उचलला आणि फिरवला. पडदा संपला तिथून पुढे तिने सगळं दाखवलं: मोरी, बादल्या, शेगडी, कपाटावर गुंडाळून ठेवलेल्या गाद्या, दाराशी पडलेले सोफ्याचे चार पाय, आणि दारातच स्क्रू-ड्रायव्हर घेऊन थांबलेला सुशांत. "हे भाड्याचं आहे," ती इंग्रजीत म्हणाली. "माझे वडील हे उचलायचं काम करतात. आमचं घर एवढंच आहे."

बुधाजीला इंग्रजी येत नाही, पण 'रेंट' हा त्याच्या धंद्यातला शब्द आहे. तो सोफ्यावर तसाच बसून राहिला. मोबाइल परत त्याच्याकडे वळलाच नाही.

त्या संध्याकाळनंतर परबांच्या खोलीत ताटाचा आवाज एकच यायला लागला. बुधाजी उशिरा परतायचा. ती विचारायची, "जेवायचं ना?" तो म्हणायचा, "जेवलंय." लालबागच्या नाक्यावर एकटाच वडापाव खाताना तो सुशांतला दिसला होता. दोन माणसांचं ते घर, त्याची आता एकेका माणसाची दोन घरं झाली, तीही एकाच खोलीत. मधे भिंत घालायलाही जागा नव्हती.

पुढच्या आठवड्यात कॉलेजची मेल आली. अर्ज एक सांगतो आणि वडील दुसरं. निर्णयाआधी वडिलांकडून एकदा स्पष्ट ऐकायचं आहे. प्राचीने मेल मला दाखवली.

"मी नाही सांगणार बाबांना, नाना," ती म्हणाली. "एकदा केलं तेवढं पुरे. राहू दे ते कॉलेज."

आणि ती कपड्यांच्या घड्या घालायला गेली.

मीच शेठच्या गोडाउनवर गेलो. त्या आठवड्यात लग्नाचे मुहूर्त नव्हते. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली सिंहासनं भिंतीला लावून ठेवलेली, आणि त्यांच्यासमोर एका स्टुलावर बुधाजी गोंडे शिवत बसला होता. मी मेलमधलं सांगितलं. त्याने दोरा तोडला.

"ती थंय जातली, नानानू?"

"मदत मिळाली तर जाईल."

"आणि मदत कधी गावतली? मी नाय म्हटलंय तर?"

"हो. आपल्याकडे नाही, असं तू सांगितलंस तर."

"आणि पैसे आसत म्हटला तर घराक ऱ्हवात."

"राहील."

त्याने सुईत पुन्हा दोरा ओवायचा प्रयत्न केला. जमेना. मी ओवून दिला. बराच वेळ तो गोंडा शिवत राहिला, आणि एवढा शिवला की त्याचा गोंडा राहिला नाही, गाठोडं झालं.

"इंग्रजीत कसा म्हणतत ता?" त्याने खाली मान घालूनच विचारलं.

मी आयुष्यभर कचेरीत टिपणं लिहिलेला माणूस. म्हणालो, "वुई आर फायनान्शियली कन्स्ट्रेन्ड."

"तेचो अर्थ?"

"पैसे नाहीत."

"मग तसा म्हणूक काय होता?"

शेवटी सगळ्यात साधं वाक्य निवडलं. ते तो माझ्यासमोर म्हणेना. मी निघालो, रस्त्यापर्यंत आलो, तेव्हा मागून त्याचा आवाज ऐकू आला. रिकाम्या सिंहासनांना तो एकेक शब्द सांगत होता.

दुसऱ्या कॉलला सोफा नव्हता. बुधाजी भिंतीला टेकून चटईवर बसला, मागे बादल्या तशाच दिसत होत्या. प्राची शेजारी बसली होती, पण त्याने तिला बोलू दिलं नाही. मोबाइलकडे बघत त्याने घसा साफ केला.

"मॅडम. लास्ट टाइम, आय टोल्ड राँग. सोफा शेठ्स. वुई डू नॉट हॅव."

प्राचीने मान खाली घातली होती. तिने त्याच्या सदऱ्याची बाही धरली आणि सोडली नाही.

याचा निकाल मार्चअखेरीस लागला. शिकणं, राहणं, खाणं सगळं कॉलेजचं. तिकिटापुरतं शेठने आगाऊ दिलं. ऑगस्टमध्ये ती जाईल. मजल्यावर पेढे वाटताना बुधाजी पुन्हा पहिल्यासारखा ताठ होता. कुणीतरी विचारलं, एकट्याला करमेल का रे? तर म्हणाला, "माका काय कमी हा?"

पण मला जास्त आठवतो तो त्या दुसऱ्या कॉलचा शेवट. ओल्सनबाईंनी चष्मा काढून पुसला. कामाचं बोलणं संपलं होतं. निरोप घेता घेता त्यांनी सहज, मायेनं विचारलं, "प्राची इकडे आली, की तुमच्याजवळ घरात कोण कोण असेल?"

मला प्रश्न कळला होता. मी माझ्या कोपऱ्यात भिंतीकडे बघत बसलो.

"ती काय इचारता गो?" बुधाजी म्हणाला.

"काही नाही," प्राची म्हणाली. "तुमचं पूर्ण नाव विचारतेय."

बुधाजी सावरून बसला. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मग परक्या माणसाला नीट कळावं म्हणून प्रत्येक शब्दानंतर थांबत, खणखणीत आवाजात त्याने सांगितलं, "बुधाजी. सोनू. परब. पेंडूर. कट्टा. मालवण. सिंधुदुर्ग."

ओल्सनबाईंनी ते मान डोलवत लक्षपूर्वक ऐकलं, आणि घरात एवढी सगळी माणसं आहेत म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला.