लाडकुंवरबाईंची उत्तर दिशा

यावलच्या लाडकुंवरबाईंनी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी उत्तर दिशेचा त्याग केला, तेव्हा त्यांना त्या दिशेबद्दल काहीही वाटत नव्हतं.

त्या चातुर्मासात गावात आलेल्या जैन महाराजांनी व्याख्यानात सांगितलं, की श्रावकाने आपल्या फिरण्याला मर्यादा घालावी. कोणत्या दिशेला किती कोस जाईन हे ठरवून टाकावं, म्हणजे त्यापलीकडच्या पापाशी आपला संबंध उरत नाही. बायकांतून पहिल्या उठल्या त्या लाडकुंवरबाई. पश्चिमेला त्यांनी दोनशे कोस ठेवले, कारण माहेर अमळनेरचं आणि मावशी सुरतेची. दक्षिणेला तेवढेच, कारण तिकडे नणंदा दिलेल्या. पूर्वेला तीनशे, उगाच अडायला नको म्हणून. आणि उत्तरेला पाच. उत्तरेला होता सातपुडा. तिथे ना सोयरे, ना दुकान, ना लग्नकार्य. नको असलेली वस्तू सोडायची असली की माणूस फार उदार होतो. त्या तर तीन कोसांवरसुद्धा तयार होत्या, महाराजांनीच ‘असू द्या पाच’ म्हटलं.

पुढे झालं असं, की त्यांच्या यजमानांच्या, हस्तीमल शेठ कापडवाल्यांच्या घराची गच्ची नेमकी उत्तरेला उघडी. पापड वाळत घाला, डोंगर समोर. लोणच्याच्या कैऱ्या उन्हात ठेवा, डोंगर समोर. सकाळी निळा, दुपारी राखाडी, संध्याकाळी पुन्हा निळा. तो काही बोलला नाही, नुसता उभा राहिला. पस्तीस वर्षं एखादा पाहुणा दारात असा उभा राहिला, तर बाईमाणूस शेवटी विचारणारच, की बाबा, तुझ्यामागे कोण आहे?

आणि लाडकुंवरबाईंनी एखादी गोष्ट मनावर घेतली, की ती गोष्टच शेवटी थकायची. तिशीत एकदा त्या चोपड्याच्या यष्टीऐवजी भुसावळच्या यष्टीत बसल्या. घरी आल्या त्या मुलाचं पहिलीचं पुस्तक मागतच. तीन महिन्यांत वाचायला शिकल्या. त्यानंतर गावातली एकही पाटी त्यांनी मोठ्याने वाचल्याशिवाय ओलांडली नाही. ‘येथे लघवी करू नये’ हेसुद्धा त्यांनी भर बाजारात असं खणखणीत वाचलं, की दोघेजण घाईघाईने निघून गेले.

एकोणीसशे एकोणसत्तरच्या पौषात मदनलालने, म्हणजे त्यांच्या मुलाने, सातपुड्यातल्या पालची सहल काढली. केळीवाल्या मित्राचा ट्रक मिळाला होता. खाली केळीची पानं, त्यावर सतरंजी, त्यावर सून, नातवंडं आणि पुरी-भाजीचे डबे. लाडकुंवरबाई ड्रायव्हरशेजारी बसल्या, कारण त्यांना रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड वाचायचे होते.

हिशेब त्यांनी महिनाभर आधीच करून ठेवला होता. यावल, फैजपूर, खिरोदा ही सगळी पूर्व, तिकडे तीनशे कोसांची सूट. खिरोद्याला रस्ता डोंगराकडे वळतो, तिथून उत्तर सुरू. पाच कोस म्हणजे दहा मैल, म्हणजे सोळा किलोमीटर. पाल मात्र सहा कोसांवर.

“कोसभर काय घेऊन बसलीस?” हस्तीमल शेठ सकाळपासून सांगत होते. “पर्युषणात मिच्छामि दुक्कडम म्हणून टाक.”

“आधी ठरवून पाप करायचं आणि नंतर क्षमा मागायची? मी काय तुमचं गिऱ्हाईक आहे, कापड फाडून घेतल्यावर भावाचं बोलायला?”

 शेठच्या दुकानात हे रोज घडत असे.

घाट सुरू झाला. सागाची वाळलेली पानं रस्त्यावर कुरकुरत होती, एका बाजूला दरी, एका बाजूला माकडं. मागे नातवंडं किंचाळत होती आणि पुढे आजी खिरोद्यापासूनचे दगड वाचत होती. “तेरा... चौदा... पंधरा...” सोळावा दगड दिसताच त्या ओरडल्या, “थांबव रे!”

ट्रक थांबला. त्या उतरल्या आणि दगडाच्या अलीकडे, बरोबर अलीकडे, उभ्या राहिल्या.

समोर रस्ता वळून डोंगराआड गेला होता. पस्तीस वर्षं जे बघायचं होतं, ते त्या वळणापलीकडे. सूनबाई रडवेली झाली. मदनलाल म्हणाला, “आई, सरकारी दगड आहेत, पुढेमागे झालेले असतात.”

“मग हा पुढेच सरकलेला असेल. तेव्हा मी आणखी मागे उभी राहू का?”

ड्रायव्हर सुपडू मूळचा अमळनेरकडचा. माहेरची बाई अडली हे त्याला बघवेना.

“अक्का, एक तोड शे. मी गाडी रिव्हर्समा लई जास. तुमनं तोंड दखनकडे ऱ्हाई. मंग तुम्ही उत्तरले गयात आसं कोन म्हनी?”

“बठ्ठा घाट रिव्हर्समा?” सगळा घाट उलटा चढायच्या कल्पनेने लाडकुंवरबाईही माहेरच्या बोलीत आल्या.

“बठ्ठा नही, अक्का, एकच कोस!”

“मेल्या, खाली दरी आहे. व्रत राहील आणि बाकी कुणी राहणार नाही. जा तुम्ही सगळे. पोरांना फिरवून आणा, मी इथे आहे.”

एक डबा, एक छत्री आणि हस्तीमल शेठ एवढं मागे ठेवून ट्रक गेला.

शेठ दगडावर बसले. लाडकुंवरबाई बसल्या नाहीत. त्यांनी वळणाकडे बघितलं, मग आपल्या सावलीकडे, मग डाव्या हाताच्या टेकाडाकडे. टेकाड चांगलंच उभं होतं, वर काळा खडक.

“हे टेकाड कोणत्या दिशेला आलं?”

“पश्चिमेला. का?”

“पश्चिमेला माझे दोनशे कोस पडून आहेत.”

“अगं, पण हे वर आहे!”

“वरचंही माप घेतलंय मी. दहा दिशा असतात, चार नाही. महाराजांनी विचारलं, तेव्हा गच्चीवर जावं लागतं म्हणून अर्धा कोस मागून घेतला होता.”

हस्तीमल शेठ जन्मभर गज घेऊन उभे राहिलेले. अर्धा कोस म्हणजे एक मैल, एक मैल म्हणजे पाच हजारांवर फूट. एवढा उंच सातपुडा इथे कुणी रचलेला नव्हता. त्यांना विरोधाला जागा सापडेना. त्यांनी गुडघ्यांचा मुद्दा काढेपर्यंत बाईंनी पदर खोचला होता.

मग त्या दुपारी घाटातल्या माकडांनी जे पाहिलं, ते पुन्हा कधी पाहिलं नसेल. चोपन्न वर्षांच्या, भरल्या अंगाच्या बाई दोन्ही हातांनी करवंदीच्या जाळ्या बाजूला सारत टेकाड चढतायत, मुरूम घसरला की चार पावलं खाली येतायत, पुन्हा पाच वर जातायत, आणि खाली शेठ, ज्यांनी सकाळपासून ते व्रत मोडायचा सल्ला दिला, ते छत्री उंच धरून ओरडतायत, “उत्तरेला सरकतेयस! डावीकडे घे, डावीकडे! अगं, व्रत मोडेल!”

एकदा मध्येच त्या बसल्या. शेठना वाटलं, संपलं. पण त्या फक्त चप्पल काढत होत्या.

खडकावर पोहोचल्यावर मात्र त्या काहीच बोलल्या नाहीत. शेठ वाट बघत राहिले. बाई काही बोलत नाहीत, हा प्रकार त्यांनी संसारात प्रथमच ऐकला.

“काय आहे गं पलीकडे?”

बाईंनी डोळ्यांवर हाताची सावली धरली.

“अगं, दिसतंय का काही?”

“या वर.”

“सांग ना तिथूनच!”

“सांगण्यासारखं नाही. बघण्यासारखं आहे. या.”

“माझे गुडघे...”

“कुठूनही या. तुम्हाला कुठे दिशेचं बंधन आहे?”

शेठनी डबा काखेत मारला, छत्रीची काठी केली आणि निघाले. अर्ध्यावर त्यांनी तिला, सरकारला आणि सातपुड्याला नावं ठेवली. शेवटच्या टप्प्याला नावं ठेवायला श्वास उरला नाही. तिने वरून हात दिला. चारचौघांत तिचा हात धरायची त्यांची ही पहिलीच वेळ, अर्थात माकडं मोजली तर.

पलीकडे उतरणीवर सागाचं रान होतं, त्यात मुठीएवढी पालची कौलं, एक वाळूची नदी उन्हात चमकणारी, आणि नदीपल्याड आणखी एक डोंगर, निळा. त्याच्यामागे आणखी एक. शेठ म्हणाले, “म्हणजे डोंगराच्या मागे डोंगरच.” त्यावर त्या म्हणाल्या, “पण कसे आहेत बघा!” आणि शेठनी कापडाचा पोत बघावा तसे डोळे बारीक करून ते बघितले.

ट्रक परत आला तेव्हा दगडापाशी कुणी नव्हतं. सुपडूने हॉर्न दिला. मदनलाल घाबरून दरीत डोकावू लागला. तेवढ्यात कुठून तरी आकाशातून आवाज आला, पाटी वाचतानाचा तोच खणखणीत आवाज:

“ओरडू नका रे! पुऱ्या खातोय आम्ही. पस्तीस वर्षांचं बघायचं राहिलंय, एवढ्यात होतंय का?”