आबांच्या तोंडाची निगा

मंचरच्या बाजारपेठेत खताच्या दुकानावर आमचं नर्सिंग असिस्टंटचं शिक्षण चालायचं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. खाली युरियाची पोती, वर पांढऱ्या पंजाबी ड्रेसमधल्या आम्ही मुली. संस्था चालवणाऱ्या सरांना शुश्रूषेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पाहुण्यांचा सत्कार कसा करावा हे त्यांनी झोपेतही बिनचूक सांगितलं असतं. वर्गात एकच पलंग होता आणि त्याची चादर चुरगळू नये म्हणून त्यावर कुणाला बसू देत नसत. आम्ही चादर घालायला शिकलो ती बाकावर. चिमटे, कात्र्या काचेच्या कपाटात, आणि किल्ली सरांच्या खिशात.

शिकवायला एक निवृत्त सिस्टर यायच्या. त्या कंटाळलेल्या असायच्या, पण एक गोष्ट त्यांनी आमच्या डोक्यात पक्की बसवली होती. रुग्णाला हात लावण्याआधी हात धुवायचे, आणि मध्येच दुसरीकडे कुठे हात लागला तर पुन्हा धुवायचे.

मी बारावी नापास होते. वडिलांनी पारगावकडचं एक स्थळ बघून ठेवलं होतं. मुलगा बागायतदाराचा, आणि त्याची पहिली बायको माहेरी का निघून गेली हे कुणी धड सांगत नव्हतं. मी रडून-भांडून वडिलांकडून एवढंच कबूल करून घेतलं की सर्टिफिकेट मिळालं तर लग्नाचा विषय बंद. आमच्या गावातले डॉक्टर दवाखान्यात घ्यायला तयार होते, पण सर्टिफिकेट दाखवल्यावरच. नाही मिळालं तर मी मुकाट्याने बोहल्यावर चढायचं.

परीक्षा घ्यायला पुण्याहून एक मॅडम आल्या. शाल, नारळ, स्वागतगीत, सरांचं भाषण, हे सगळं यथासांग झालं. मॅडमची जीप नंतर भीमाशंकरला जायची होती, त्यामुळे त्यांचं अर्धं लक्ष घड्याळाकडे. परीक्षेचा विषय होता रुग्णाच्या तोंडाची निगा. एरवी आमच्यातलीच एखादी रुग्ण होऊन पडायची. पण सरांचे चुलते, ज्यांना सगळे आबा म्हणत, व्यासपीठावर खुर्ची मिळाली नाही म्हणून रुसून जिन्यात बसले होते. त्यांचा रुसवा काढायला सरांनी त्यांनाच रुग्ण केलं. म्हणजे ज्या चादरीवर आम्हाला टेकायची परवानगी नव्हती तिच्यावर आबा धोतर, टोपी आणि धुळीने माखलेल्या पायांसकट आडवे झाले. एवढा थाट मी कुठल्याच रुग्णाचा पाहिला नाही.

पहिली मुलगी गेली. तिने बादलीतल्या पाण्याने, साबण लावून हात धुतले. मग समोर वडीलधारं माणूस, म्हणून सवयीने वाकून आबांच्या पायांना हात लावला. आणि त्याच बोटाला कापसाचा बोळा गुंडाळून ते आबांच्या तोंडात घातलं. मी मॅडमकडे पाहिलं. मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, "संस्कार छान आहेत हो मुलींवर." सर तर फुलून गेले. पुढची प्रत्येक मुलगी तेच करत गेली. हात धुणं, पाया पडणं, तोंडात बोट. आबा आशीर्वाद देऊन आ वासत होते. सिस्टर मागे उभ्या होत्या. त्या खिडकीतून बाहेर रस्त्याकडे बघायला लागल्या. मला त्यांची सगळ्यात जास्त चीड आली, कारण तिथल्या मोठ्या माणसांत काय चुकतंय ते फक्त त्यांनाच कळत होतं.

माझी पाळी आली. मी हात धुतले, पायाही पडले. एवढ्या लोकांत न पडून कसं चालेल? मग बादलीकडे वळले आणि पुन्हा साबण घेतला.

आबा ताडकन उठून बसले. "का गं, माझ्या पायाला काय घाण लागली का, हात धुतीस ते?"

"आबा, आता तोंडात बोट घालायचंय," मी म्हणाले.

"त्या समद्या पोरी काय येड्या व्हत्या?" असं म्हणून त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. सर माझ्यावर खेकसले, घरंदाज माणसाचा अपमान केलास म्हणाले. मॅडमनी थंडपणे सांगितलं की रुग्णाचं मन दुखावणारी मुलगी या कामाची नाही. मी सिस्टरांकडे पाहिलं. त्या पदर सारखा करत होत्या. सगळ्या पास झाल्या आणि मी एकटी नापास. तळपायाची आग मस्तकात गेली होती. एका खोलीत इतका मूर्खपणा मावतो कसा, याचंच मला नवल वाटत होतं.

घरी वडिलांनी ऐकून घेतलं आणि पारगावला निरोप धाडायची भाषा सुरू केली. सर म्हणाले, फेरपरीक्षा महिन्याभराने आहे, पण पास-नापास आबा म्हणतील तसं. मी वडिलांच्या हातापाया पडून तेवढी मुदत मागून घेतली.

फेरपरीक्षेला परीक्षक दुसरे होते. पलंग तोच आणि आबाही तेच. एकदा रुग्ण झाल्यापासून तो मान त्यांनी सोडलाच नव्हता. मी हात धुतले. मग वाकून त्यांचे दोन्ही पाय चांगले चेपले, टाचांच्या भेगांवरून, बोटांच्या बेचक्यांतून हात फिरवला. आबांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता कशी शानी झाली." बादली हाताशीच होती. मी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. बोटाला बोळा गुंडाळला आणि त्यांच्या हिरड्या, गालांच्या आतल्या बाजू, जीभ, सगळं सावकाश, एकही कोपरा न सोडता पुसून काढलं. आबा डोळे मिटून पडले होते. परीक्षक म्हणाले, इतकं मन लावून आजवर कुणी केलं नव्हतं.